पाहणे आणि प्रत घेणे : ब्राउझरमधील दस्तऐवजांच्या हाताळणीचा इतिहास

१

इंद्रायणीच्या दक्षिण तीरावर, देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या दरम्यान चिखली हे गाव वसलेले आहे. वारकरी संप्रदायात ते टाळगाव चिखली या नावाने परिचित आहे. हवेली तालुक्यातील हे शेतीचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले, आणि शेतांच्या जागी लहान कारखाने, गोदामे व निवासी इमारती उभ्या राहिल्या. गावाचे रूप असे पालटले, तरी जमिनीसंबंधीचा जो मुख्य कागद, म्हणजे सातबाराचा उतारा, त्याचे महत्त्व कमी झाले नाही. उलट जमिनीचे जसजसे तुकडे पडत गेले व वारस वाढत गेले, तसतशी त्याची गरज वाढतच गेली. खरेदीखत असो, वारसनोंद असो की बँकेचे कर्ज असो, उताऱ्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून हाताने उतरवून मिळत असे. आता तो शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. अशा गावातील कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात एक प्रसंग नेहमी घडतो. एखादे वयस्क गृहस्थ येतात आणि उतारा आपल्या मोबाइलमध्ये असल्याचे सांगतात. दुकानदार विचारतो, “काका, नुसता उघडून बघितलाय का डाउनलोड केलाय?” गृहस्थांना हा भेद उमगत नाही. उतारा काल पडद्यावर दिसला होता. अर्थात तो मोबाइलमध्येच असला पाहिजे, असे ते धरून चालतात. शोध घेता तो सापडत नाही, आणि सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

दुकानदाराचा हा प्रश्न हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. एखादा दस्तऐवज ब्राउझरने पडद्यावर उघडावा की संगणकात उतरवून ठेवावा, हा प्रश्न वरकरणी यंत्राच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो कागद कोणाच्या हाती राहतो याचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय प्रथम वाचकाकडे होता, पुढे तो दस्तऐवज पाठविणाऱ्याकडे गेला आणि अखेरीस बव्हंशी ब्राउझर तयार करणाऱ्यांच्या हाती आला. या स्थित्यंतराचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

पाहणे आणि प्रत घेणे यांतील भेद संगणकाने निर्माण केलेला नाही. आपल्या कायद्याने तो फार पूर्वीपासून मानलेला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या ७६ व्या कलमात असे तत्त्व होते की, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्यास हक्क आहे, त्याची प्रमाणित प्रत त्याने मागितल्यास व योग्य ते शुल्क भरल्यास ती संबंधित अधिकाऱ्याने दिली पाहिजे. म्हणजे प्रतीचा हक्क हा पाहण्याच्या हक्कातून निघतो. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला व त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तथापि प्रमाणित प्रतीचे हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या अन्वये १९७० साली जे नियम करण्यात आले, त्यांच्या नावातच भूमी अभिलेखांचे निरीक्षण, शोध आणि प्रतींचा पुरवठा ही तीन कामे वेगवेगळी निर्दिष्ट केलेली आहेत.

इतिहासाच्या अभ्यासकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे सामान्य अभ्यासकाला ते घरी बसून पुनःपुन्हा वाचता येऊ लागले. दफ्तरात बसून कागद पाहणाऱ्यास तो परत ठेवावा लागतो. ज्याच्यापाशी प्रत आहे त्याला तो ताडून पाहता येतो, दुसऱ्यास दाखविता येतो, आणि मूळ नष्ट झाले तरी पुरावा शिल्लक राहतो. याच परिसरातील उदाहरण द्यावयाचे तर तुकोबांच्या अभंगांचे देता येईल. चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या वह्यांना गाथेच्या पाठनिश्चितीत जे स्थान लाभले, ते त्या वह्या लिहून ठेवलेल्या व जपलेल्या प्रती होत्या म्हणूनच.

३

आता जागतिक जालाच्या आरंभाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली आपली योजना मांडली. १९९१ च्या सुमारास जी प्राथमिक पद्धती वापरात होती, तिच्यात ब्राउझरने पान मागावे आणि सर्व्हरने ते पाठवावे, एवढाच व्यवहार होता. पाठविलेली वस्तू काय आहे हे सांगण्याची सोय नव्हती, कारण सारे काही एचटीएमएल याच भाषेत असणार असे गृहीत होते. त्यामुळे उघडावे की उतरवावे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

या प्रश्नाची बीजे टपालात सापडतात. जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती आरएफसी १३४१ या क्रमांकाच्या दस्तऐवजात प्रसिद्ध केली. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे संकेत ज्यांत नोंदविले जातात त्या क्रमांकित टिपणांची मालिका. ई-मेलमधून साध्या मजकुराखेरीज चित्र, ध्वनी इत्यादी पाठविता यावे, हा या पद्धतीचा हेतू होता. त्यासाठी प्रत्येक वस्तूच्या माथ्यावर तिचा प्रकार लिहिण्याची रीत ठरविण्यात आली. पाकिटावर ‘फोटो आहे, दुमडू नये’ असे लिहितात, त्यातलाच हा प्रकार. माथ्यावरील अशा ओळींना हेडर म्हणतात. जालाने ही रीत टपालाकडून जशीच्या तशी उचलली. आजही पीडीएफ फाइल येते तेव्हा तिच्या हेडरमध्ये तिचा प्रकार लिहिलेला असतो, आणि ब्राउझर प्रथम तीच ओळ वाचतो.

बोरेनस्टाइन यांनी त्याच महिन्यात आणखी एक योजना सुचविली. वाचकाने आपल्या संगणकात एक लहानशी यादी ठेवावी. अमुक प्रकारची वस्तू आली तर अमुक कार्यक्रमाने उघडावी, असे तिच्यात लिहावे. इलिनॉय विद्यापीठातील केंद्रात १९९३ साली तयार झालेल्या मोझॅइक या ब्राउझरने युनिक्स संगणकांवर हीच यादी वापरली. मोझॅइकला काही चित्रे पानाच्या मजकुरातच दाखविता येत, आणि त्याच्या लोकप्रियतेचे ते एक मोठे कारण होते. ज्या वस्तू त्याला कळत नसत त्या तो यादीतील साहाय्यक कार्यक्रमाकडे सोपवी. तसा कार्यक्रमही नसेल तर वस्तू संगणकात ठेवण्याची तजवीज करी. म्हणजे या काळात निर्णयाची किल्ली बव्हंशी वाचकापाशी होती. अर्थात हा वाचक विद्यापीठातील वा प्रयोगशाळेतील जाणता मनुष्य होता, हे विसरता कामा नये.

४

१९९३ सालीच अडोबी कंपनीने पीडीएफ हा प्रकार बाजारात आणला. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा उद्देश. मराठीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे. त्या काळी प्रत्येक मराठी अक्षरसंचाची संकेतव्यवस्था निराळी होती, आणि एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येईलच असा भरवसा नव्हता. पीडीएफमध्ये अक्षरसंच फाइलीतच बांधून पाठविता येत असल्यामुळे निदान डोळ्यांना तरी मजकूर शुद्ध दिसे. शासकीय मराठी दस्तऐवज या प्रकारात का स्थिरावले, याचे एक कारण येथे सापडते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पुन्हा टपालातूनच आला. जून १९९५ मध्ये रेन्स ट्रूस्ट आणि स्टीव्ह डॉर्नर यांनी आरएफसी १८०६ मध्ये ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’ नावाची नवी हेडर-ओळ सुचविली. डॉर्नर हे युडोरा या ई-मेल कार्यक्रमाचे कर्ते होत. त्यांच्यापुढील अडचण साधी होती. पत्रासोबत आलेले चित्र पत्राच्या ओघात दिसावे, की बाजूला जोडपत्र म्हणून राहावे आणि वाचकाने मागितल्यावरच उघडावे, हे पाठविणाऱ्याला सांगता येत नव्हते. म्हणून दोन शब्द योजण्यात आले. ‘इनलाइन’ म्हणजे ओघात दाखवा; ‘अटॅचमेंट’ म्हणजे जोडपत्र म्हणून वेगळे ठेवा. जोडीला फाइलीचे नाव सुचविण्याचीही सोय करण्यात आली. ऑगस्ट १९९७ मध्ये आरएफसी २१८३ ने ही योजना सुधारून घेतली.

ब्राउझरांनी हे दोन शब्द उचलले, परंतु त्यांचा अर्थ किंचित बदलला. टपालात ‘अटॅचमेंट’ याचा अर्थ वाचकाच्या कृतीची वाट पाहावी असा होता. जालावर तो ‘उघडू नका, उतरवून घ्या’ असा झाला. गमतीची गोष्ट अशी की, जून १९९९ मधील आरएफसी २६१६ या एचटीटीपीच्या मुख्य दस्तऐवजाने ही ओळ प्रमाणित संकेताचा भाग नसल्याचे सांगितले, आणि ती सर्वत्र रूढ झालेली असल्यामुळे केवळ परिशिष्टात तिची नोंद घेतली. या ओळीला एचटीटीपीतील रीतसर स्थान जून २०११ मध्ये, जूलियन रेश्के यांच्या आरएफसी ६२६६ ने मिळाले. तोपर्यंत कोट्यवधी फाइली तिच्या आधारे इकडून तिकडे गेल्या होत्या.

याचा परिणाम असा झाला की निर्णयाची किल्ली वाचकाकडून सर्व्हर चालविणाऱ्याकडे सरकली. एकच पीडीएफ एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर उघडे आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावर थेट उतरू लागे. वाचकाला हा आपल्या संगणकाचा लहरीपणा वाटे. प्रत्यक्षात तो पाठविणाऱ्याने लिहिलेल्या एका शब्दाचा परिणाम असे.

येथे सर्व्हर चालविणाऱ्यांची बाजूही ध्यानात घेणे न्याय्य ठरेल. ‘अटॅचमेंट’चा आग्रह नेहमीच मनमानीचा नसतो. एखाद्या परक्या व्यक्तीने चढविलेली फाइल ब्राउझरने आपण होऊन उघडली आणि तिच्यात आज्ञावली दडलेली असली, तर ती त्या संकेतस्थळाच्या नावाने, त्याच्या अधिकाराने चालते. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर तर हेडरवर विसंबून न राहता फाइलीच्या आरंभीचे काही बाइट वाचून तिचा प्रकार स्वतः ठरवी. त्यामुळे साधा मजकूर म्हणून पाठविलेली वस्तू पान म्हणून उघडण्याचा धोका असे. २००९ सालच्या त्याच्या आठव्या आवृत्तीत हा धोका आवरण्यासाठी दोन नव्या हेडर-ओळी आल्या : एकीने प्रकाराचा तर्क करण्यास मनाई केली, दुसरीने फाइल उतरविण्याच्या चौकटीतील ‘उघडा’ हे बटणच काढून टाकले. उघडण्याचा हक्क काढून घेऊन केवळ प्रत घेण्याचा हक्क ठेवावा, असे हे विलक्षण उदाहरण आहे.

५

तिसरा टप्पा ब्राउझर तयार करणाऱ्यांचा. १९९६ च्या सुमारास नेटस्केपमध्ये बाहेरचे जोडयंत्र बसविण्याची सोय झाली आणि अडोबीच्या जोडयंत्रामुळे पीडीएफ ब्राउझरच्या खिडकीतच दिसू लागली. ही जोडयंत्रे अवजड असत व सुरक्षेच्या दृष्टीने वारंवार सदोष ठरत. २०१० च्या अखेरीस क्रोम या ब्राउझरने स्वतःचा पीडीएफ दर्शक आत बसविला. मोझिलाने २०११ साली अशाच दर्शकाचे काम हाती घेतले व फेब्रुवारी २०१३ मध्ये फायरफॉक्सच्या १९ व्या आवृत्तीत तो समाविष्ट केला. तेव्हापासून पीडीएफ ही वेगळ्या कार्यक्रमाने वाचावयाची वस्तू न राहता जालावरील एक पानच बनली.

मार्च २०२२ मध्ये फायरफॉक्सच्या ९८ व्या आवृत्तीने आणखी एक बदल केला. फाइल आली की ‘उघडावयाची की ठेवावयाची’ असे विचारणारी चौकट तोपर्यंत समोर येत असे. ती नेहमीच्या व्यवहारातून काढून टाकण्यात आली आणि फाइल न विचारता उतरू लागली. ज्यांना जुनी रीत हवी त्यांना मांडणीत जाऊन ती पुन्हा लावून घेता येते, हे खरे. परंतु सामान्य वाचक मांडणीत जात नाही. मोबाइलवर याच्या उलट तऱ्हेचा घोळ झाला. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये बराच काळ पीडीएफ दर्शक नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी फाइल उतरविली जाई व दुसऱ्या ॲपमध्ये उघडे. तोच उतारा चार वेळा पाहिला तर त्याच्या चार प्रती साठत, आणि पुढच्या तिघींच्या नावांपुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागत. त्यांतील ताजी कोणती, हे मालकाला सांगता येत नसे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक तांत्रिक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. उघडणे आणि उतरविणे या दोन्ही क्रियांत दस्तऐवज वाचकाच्या यंत्रापर्यंत येतोच. तो आल्यावाचून दिसणारच नाही. फरक पुढे पडतो. उघडलेला दस्तऐवज ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात, वाचकाला सापडेल असे नाव नसलेल्या स्थितीत राहतो आणि ब्राउझरला वाटेल तेव्हा नाहीसा होतो. उतरविलेल्या दस्तऐवजाला नाव असते, ठरलेली जागा असते, आणि मालकाने काढून टाकीपर्यंत तो टिकतो. भेद येण्याचा नसून राहण्याचा आहे. चिखलीच्या गृहस्थांना काल दिसलेला उतारा आज का सापडला नाही, याचे उत्तर हेच होय.

६

नावाचा उल्लेख आला म्हणून मराठी वाचकाच्या दृष्टीने एका उपप्रश्नाचा विचार करू. हेडरमध्ये फाइलीचे नाव लिहिण्याची जी मूळ रीत होती, ती रोमन लिपी गृहीत धरणारी होती. देवनागरी नाव पाठविल्यास एखाद्या ब्राउझरमध्ये ते अगम्य चिन्हांच्या रूपात उमटे. ऑगस्ट २०१० मधील आरएफसी ५९८७ ने यावर उपाय सांगितला : नाव यूटीएफ-८ या पद्धतीने लिहावे व प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह अंकित करावा. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते, आणि प्रत्येक बाइट लिहिण्यास तीन अक्षरे लागतात. ‘सातबारा’ या शब्दात काने धरून सात चिन्हे आहेत. हेडरमध्ये त्यांची ६३ अक्षरे होतात. यंत्राला त्याचे ओझे नाही, परंतु कार्यक्रम लिहिणाऱ्यास हा नियम ठाऊक असावा लागतो.

या अडचणीमुळे असो वा कार्यालयीन सोयीमुळे असो, आपले शासकीय दस्तऐवज बहुधा अंकांची नावे घेऊन येतात. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक दिलेला असतो, आणि उतरविलेल्या फाइलीचे नावही तोच लांबलचक अंक असते. अभिलेखागाराच्या दृष्टीने हे उत्तम आहे, कारण दोन निर्णयांची गल्लत होत नाही. ज्याच्यापाशी अशा वीस फाइली जमल्या आहेत त्या माणसाला मात्र त्यांतली आपली कोणती, हे प्रत्येक फाइल उघडल्यावाचून कळत नाही. प्रत हाती असूनही ती न सापडणे, ही न मिळण्याचीच एक तऱ्हा आहे.

७

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. महाराष्ट्रात सातबारा दोन रूपांनी उपलब्ध करण्यात आला. एक विनास्वाक्षरीत उतारा, जो विनामूल्य पाहता येतो आणि ज्यावर तो केवळ माहितीसाठी असल्याची सूचना असते. दुसरा, २०१८ पासून सुरू झालेला, डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा. तो १५ रुपये शुल्क भरून पीडीएफ रूपात उतरवून घ्यावयाचा. निरीक्षण आणि नक्कल हा १९७० च्या नियमांतील भेद येथे नव्या साधनांनिशी पुन्हा अवतरला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला व स्वाक्षरीला मान्यता दिल्यामुळे ही दुसरी वस्तू नुसते चित्र न राहता दस्तऐवज ठरते.

परंतु ती दस्तऐवज राहते ती फाइल म्हणून. डिजिटल स्वाक्षरी शाईसारखी पानावर नसते. फाइलीतील बाइटांवर गणित करून ती तयार केलेली असते, आणि एक बाइट बदलला तरी पडताळणी चुकते. ब्राउझरमध्ये उघडलेले पान ‘प्रिंट’च्या वाटेने पीडीएफ म्हणून ठेवले, किंवा पडद्याचे छायाचित्र काढले, तर दिसावयास उतारा तोच दिसतो, पण ती फाइल नवी असते व तिच्यात स्वाक्षरी उरत नाही. दर्शकातील ‘ठेवा’ हे बटण वापरले तर मूळ फाइल मिळते. एका बटणाच्या अंतरावर खरी प्रत आणि तिची नुसती प्रतिमा अशा दोन वस्तू आहेत, आणि पाहणाऱ्याला त्यांच्यात फरक दिसत नाही. शिवाय ब्राउझरांचे आतील दर्शक दीर्घकाळ स्वाक्षरीची पडताळणी करीत नव्हते, ती केवळ चित्रासारखी दाखवीत. तेव्हा ब्राउझरमध्ये स्वाक्षरी दिसते म्हणजे ती तपासली गेली आहे, असे समजणे धोक्याचे होय.

उपरिनिर्दिष्ट इतिहासावरून एक गोष्ट दिसून येते. कागदाच्या जगात पाहण्याच्या हक्कातून प्रतीचा हक्क निघतो असे तत्त्व कायद्याने घालून दिले होते. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. ब्राउझरच्या जगात असे तत्त्व कोणी घालून दिले नाही. प्रथम टपालाच्या सोयीसाठी, मग सुरक्षेसाठी, मग वापरातील सुलभतेसाठी निर्णय होत गेले. त्यांतील प्रत्येकास सयुक्तिक कारण होते. पण पाहणाऱ्याच्या हाती शेवटी काय राहते, हा विचार त्यांतील कोणाचाही मुख्य विषय नव्हता.

म्हणून सार्वजनिक दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांना एवढेच सुचवावेसे वाटते. दस्तऐवजाचा प्रकार हेडरमध्ये अचूक लिहावा. ‘पाहा’ आणि ‘प्रत घ्या’ असे दोन दुवे वेगवेगळे द्यावेत, म्हणजे निवड वाचकाची राहील. फाइलीच्या नावात संकेतांकाबरोबर गावाचे व गटाचे नाव घालावे. तसे करण्याचे साधन २०१० पासून उपलब्ध आहे. यांतील कोणत्याही सूचनेला मोठा खर्च नाही.

आणि वाचकांसाठी दुकानदाराचाच प्रश्न पुरेसा आहे. कागद पडद्यावर दिसला, की तो आपल्यापाशी कोठे व कोणत्या नावाने राहिला हे तेथल्या तेथे पाहून घ्यावे, आणि मूळ फाइल छापील कागदाइतकीच जपून ठेवावी. जुन्या पिढीने नकला पेटीत ठेवल्या म्हणून आज वारसांचे तंटे तुटतात. या पिढीच्या नकला कोठे ठेवल्या आहेत, हे तिच्या वारसांना विचारावे लागू नये.